एक इंच

इंदिरानगर, नाशिक
१२ जानेवारी २०२५

चि. संजनास सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

वसतिगृहात मोबाइल चालत नाही, म्हणून पत्र. हरसूलच्या जीपमधून धनुष्य पाठवलं आहे. मी काम करतो त्या तिरंदाजीच्या दुकानातलं, वापरलेलं आहे, पण दोन्ही टोकांची दोरीची चाकं मी स्वतः बसवली. दिवाळीत तुझे दोन्ही हात पसरून माप घेतलं होतं, त्यावरून दोरी किती मागे यावी ते ठरवलं. फक्त एक इंच वाढवून ठेवला आहे. आई गणवेश शिवताना दुमड सोडते, तसंच. वाढतं अंग आहे, वर्षभरात बरोबर होईल. चाकांच्या स्क्रूला कोणाला हात लावू देऊ नकोस. महिनाअखेरच्या संघनिवडीत दादाचं नाव राख. आणि मागच्या पत्रात 'तिरंदाजि' लिहिलं होतंस. शेवटची वेलांटी दीर्घ.

लोभ दोरीइतकाच ताण, तुटेपर्यंत नको.
तुझा दादा, सुयश

हरसूल
१९ जानेवारी

ती. दादास, स. ज. वि. वि.

धनुष्य मिळालं. मैत्रिणी म्हणतात, आम्हालाही असा दादा हवा. मी म्हटलं, घेऊन जा, शुद्धलेखनासकट. सराव जोरात आहे. थंडीमुळे लांब बाह्यांचंच घालते. अक्षर माझ्या खोलीतल्या मृण्मयीचं आहे, माझा हात जरा दमलाय. तिच्या चुका माझ्या नावावर घालू नकोस.

चुका काढशील तरी लोभ असू दे.
संजू

इंदिरानगर
२४ जानेवारी

चि. संजू, जयभीम.

आज तुमच्या तिरंदाजीच्या संतोष सरांचा दुकानात फोन आला. तुझ्या हातावर दोरीचे वळ आहेत, खांदा धरला आहे, दोरी ओढताना तू मागे झुकतेस. चाक फिरवून ओढ एक इंच कमी करतो म्हणाले, तर तू नको म्हणालीस. दादाने मोजून बसवलंय, ते चुकणार नाही, मीच कमी पडतेय, असं सांगितलंस म्हणे.

धनुष्य अंगाएवढंच हवं, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. परक्यांना सांगतो, आणि तुला गणवेशासारखं शिवून दिलं. तुझ्या पत्रातल्या मृण्मयीच्या चुका मी मोजल्या. हात का दमला, ते विचारलं नाही.

सरांना मी हो म्हटलं आहे, पण माझं अक्षर पाहिल्याशिवाय तू ऐकणार नाहीस. त्यांना स्क्रू फिरवू दे. खांदा दुखत असेल तर निवडीला जाऊ नकोस.

लोभ मागायला तोंड नाही.
सुयश

हरसूल
२ फेब्रुवारी

ती. दादास, स. ज. वि. वि.

अक्षर माझंच आहे, ओळखलंस ना? सरांनी चाक फिरवून तो इंच कमी केला. थोडे दिवस सराव बंद ठेवला. निवडीत मी पाचवी आले, घेतल्या चौघी. शेवटचे बाण सगळे मधल्या पिवळ्या वर्तुळात बसले, पण तोवर उशीर झाला होता. लपवलं असतं तर तुला पुन्हा सरांकडूनच कळलं असतं.

काल गणवेश धुताना सलवारीची दुमड पाहिली. आईने आठवीत सोडलेली, अजून तशीच आहे. उसवायची वेळच आली नाही. दादा, मी आता अकरावीत आहे. वाढायची तेवढी वाढले. पुढच्या वेळी आहे तेवढीच मोज.

लोभाला मात्र दुमड सोडून ठेव.
तुझी संजू