मानियातिका

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी घराबाहेर पडताना अजून तुझा आवाज ऐकू येतो. "गॅस बंद केला ना गं?" सातपूरच्या आपल्या दोन खोल्यांत मी या प्रश्नातच वाढले. इगतपुरीला मामाच्या लग्नाला निघालो होतो, तो दिवस आठवतो. बसस्टॉपवरून तू परत फिरलीस, कुलूप ओढून पाहिलंस, आलीस, पुन्हा फिरलीस. बस निघून गेली. बाबा पिशव्या उचलून घराकडे चालू लागले. तू थरथरत होतीस, आणि मला तुझ्या थरथरण्याची भीती वाटत होती. तुझ्या थोरल्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं म्हणे. डॉक्टरांनी तिला मेनिया आहे म्हणून सांगितलं, वेड्यांच्या दवाखान्यात नेलं, आणि ती परत आली नाही. घरात तिचा विषय कुणी काढत नसे. पण तू कुलूप ओढताना अगदी तिच्यासारखी दिसतेस, असं आजी एकदा बोलून गेली. तेव्हापासून कुणी डॉक्टरचं नाव काढलं, की तू तिथून उठून जायचीस.

पुढे मी कंपनीत लागले. दोन हजार साल उलटून गेलं होतं. स्पेनहून आलेलं मशीन बसवायला तिकडची एक इंजिनियर बाई आली होती, हॉटेलच्या जेवणाला कंटाळलेली. एका रविवारी तिला मी घरी आणलं. तू भरली वांगी केली आहेस. वाढताना मधेच उठतेस, गॅसचं बटण चाचपून येतेस, बसतेस, पुन्हा उठतेस. बाई हसून म्हणते, "मानियातिका." तुझ्या हातातला डाव तसाच थांबतो. तुला बाकीचं काही कळलेलं नाही, पण त्यातला मेनिया बरोबर ऐकू आलाय. तू मला हळूच विचारतेस, "हिला कसं कळलं?"

मी घाबरत घाबरत तिला अर्थ विचारला. ती ओशाळली. आमच्याकडे एकाच गोष्टीचं खूळ घेतलेल्या बाईला हे घरातल्या घरात म्हणतात, ती म्हणाली, कधी लाडानं, कधी वैतागून. ताटाजवळचा चमचा वाकडा दिसला तरी तिच्या आईला घास उतरत नाही, म्हणून सगळे तिला तोंडावर असंच म्हणतात. पुरुष असला तर मानियातिको. मी विचारलं, आणि खरोखर आजारी माणसाला? तोच शब्द वापरतात, ती म्हणाली, पण तेव्हा आवाज खाली येतो आणि कुणी हसत नाही.

मी तुला सगळं सांगितलं, शेवटचंसुद्धा. मग किती दिवस तू मला तेच विचारत राहिलीस, ती हसत होती ना, नक्की हसत होती ना. आणि एका सकाळी भाजी निवडता निवडता म्हणालीस, "चल, दाखवू डॉक्टरला. पण मला ठेवून घेणार नाहीत ना?" दवाखान्यात तू माझी ओढणी मुठीत धरून बसली होतीस. डॉक्टरांनी काय होतं म्हणून विचारलं, तर तू आधी तो परका शब्दच सांगितलास. हा आजार आहे, औषधानं बराच आटोक्यात येतो, असं ते म्हणाले. दुपारी आपण दोघी घरी आलो. भीती पुरती गेली नाही तुझी. पण नंतरच्या वर्षांत तू एकटी कुलूप लावून मामाकडे जाऊन यायचीस. स्टॉपवर तुझा चेहरा उतरायचा, पण बस आली की तू चढायचीस.

आई, तुझी नात आता अकरावीत आहे. हल्ली ती सारखे हात धुते. बोटांची सालं निघालीत, ती ओढणीखाली लपवते. मोरीतलं पाणी वाहत राहतं आणि मी बाहेर उभी असते. तुझ्या या आजाराबद्दल तिला काहीच सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की फाडून टाकीन, तिच्या हाती लागायला नको. कोणत्या आवाजात काय बोलायचं, सगळं मला ठाऊक आहे. तरी त्या दारावर टकटक करायला माझा हात अजून उचलला गेलेला नाही.