पुढे ओढलेली सीट

सुरत, शनिवार, १४ नोव्हेंबर १९९८

दिवाळीआधी सुधा म्हणाली होती, "अहो, ब्रेक फार खाली जातो. या वेळी फुल सर्व्हिसिंग करा." मी नुसते ऑइल बदलून गाडी धुऊन आणली. का? गाडी तीच चालवायची, मी स्कूटरवाला. तरी दोष तिच्यातच असणार असे धरून बसलो. पाहुण्यांसमोर म्हणालोसुद्धा, "ब्रेक ठीक आहे, बाईसाहेबांचा पाय कच्चा आहे." सगळे हसले. ती चहा टाकायला उठली. तेव्हापासून शाळेत शिकवायला रिक्षाने जाते.

आज तिची पुढे ओढलेली सीट मागे सरकवून मी गाडी काढली. उधन्याच्या रेल्वे फाटकाशी ब्रेक दाबला तर माझाच पाय तळाला टेकला. हँडब्रेकने वाचलो. तसाच गॅरेजला गेलो, ब्रेक दुरुस्त करून घेतले, फुल सर्व्हिसिंगही करून घेतली.

संध्याकाळी गाडी लावताना सीट पुन्हा तिच्या मापाला ओढली. किल्ली तिच्यापुढे ठेवून म्हणालो, "ब्रेक झाला." पायाचे ते वाक्य मागे घ्यायचे होते. तोंडातून निघालेच नाही. तेव्हा हसायला चार माणसे होती, आता ऐकायला ती एकटी, तरी.

ती खाली जाऊन गाडी बघून आली. म्हणाली, "सीट मागे घ्या. उद्याही तुम्हीच चालवणार, गुडघे अडतील."