चौथं दशक

आई, तू गेल्यापासून अकरा वर्षं मी एकदाही बुधवारच्या रोझरीला गेले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट ऐकशील. बोरीवलीला चौदाव्या मजल्यावर राहायचं, रविवारी मोबाईलवर चर्चची मिस्सा लावायची आणि बाजूला भाजी चिरायची, असं चाललं होतं माझं. देव काय, घरातही भेटतो, असं मी विचारणाऱ्याला सुनावायचे.

तुझं ते बुधवारचं खूळ! मालाडच्या आपल्या गावठाणातली सात घरं, दर बुधवारी एकेकाकडे जमून माळेवर रोझरीची प्रार्थना. तू गॅसवरचं कालवण उतरवून, आपलं निळं स्टूल काखेला मारून निघायचीस. दुसऱ्याच्या स्टुलाशी अदलाबदल नको म्हणून त्याच्या खाली लाल नेलपॉलिशचा ठिपका. एकदा पलीकडच्या आंटीच्या कोंबड्यांनी ओट्यावर वाळत घातलेल्या आपल्या बोंबलांची पार वाट लावली. तुम्ही दोघी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा भांडलात, आणि पुढचा बुधवार नेमका तिच्याच घरचा. मी म्हणते, "तिच्याकडे जातेस? लाज नाही वाटत?" तू स्टूल उचलतेस. "भांडले म्हणूनच जाते. घरात बसले तर माझंच खरं वाटत राहील ना गं! आणि एकटीनं माळ ओढली, तर चुकल्यावर सांगणार कोण?" तिच्याच शेजारी बसलीस. माळेतल्या दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांतलं चौथं तुझं ठरलेलं. दर मण्याला अर्धी नमो मरिया तू म्हणायचीस, उरलेली अर्धी सगळे मिळून, आणि त्यात आंटीचा आवाज सगळ्यात मोठा, रागातसुद्धा. शेवटी उकडलेले चणे वाटताना तिनं तुला दोन मुठी जास्त दिल्या. तोंड मात्र वाकडंच ठेवलं होतं.

मग तुझं आजारपण आलं. सातही घरं तुझ्यासाठी माळ ओढत होती, मीही ओढत होते, आणि तू गेलीसच. तुझ्या मातीच्या दिवशी आंटीनं मला जवळ घेतलं. "देवाची मर्जी, बाय," म्हणाली. मी तिचा हात झटकला आणि सगळ्यांसमोर ओरडले, "तुमच्या रोझरीनं काय दिवे लावले?" तिथून मी जी निघाले, ती पुन्हा गल्लीत पाऊल टाकलं नाही.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मन इतकं कोरडं झालं, की कशात रसच वाटेना. तुझी माळ काढली. पहिली नमो मरिया अर्धी म्हटली आणि थांबले. सवयीनं गं. उरलेली अर्धी कोणीतरी म्हणेल म्हणून वाट बघत बसले, आणि फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. तू गेलीस तेव्हाही मला एवढं एकटं वाटलं नव्हतं, आई.

बुधवारी सरळ मालाड गाठलं. सातातली चारच घरं उरलीत. त्या दिवशी सगळे जमले होते आंटीकडेच. तुझं निळं स्टूल तिथंच होतं, आणि त्यावर भाड्यानं राहायला आलेली एक नर्स बसली होती. आधी रागच आला. मग वाटलं, बरं झालं, रिकामं नाही ठेवलं. मी चटईवर टेकले. आंटीला आता नीट दिसत नाही. "कोण आलंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "उशीर केलास," एवढंच म्हणाली. तीन दशकं झाली तशी माझ्याकडे वळली. "चौथं तुझ्या आईचं. म्हण." मी सुरुवात केली. नवव्या मण्यालाच संपलं समजून मी पुढे निघाले, तर आंटी खेकसली, "अगं थांब, एक राहिली!" सगळे थांबले. मी दहावी म्हटली, आणि उरलेली अर्धी सगळ्यांनी. तिचाच आवाज मोठा.

त्यानंतरचे तीन बुधवार एकही चुकवलेला नाही. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून देईन. फक्त एक कबूल करते. आंटीची माफी मी अजून मागितलेली नाही. दर वेळी ठरवून जाते, आणि दर वेळी, घर कुणाचंही असलं तरी, ती चाचपडत माझ्या ओंजळीत दोन मुठी जास्त चणे टाकते, मग मला बोलताच येत नाही.