बेडकाचे एकवीस दिवस

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
बायको शनिवारी गेली. पोहायला शिकवणाऱ्या माणसाकडे. चला, सुंठेवाचून खोकला गेला.

आठ वर्षं मी काय काढलंय ते माझं मला माहीत. डॉक्टरांनी तिच्या आजाराचं नाव सांगितलं होतं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. जवळचा माणूस आज देव, उद्या राक्षस. आणि तो आपल्याला टाकून जाईल ही भीती चोवीस तास. व्यायाम हवा म्हणाले, म्हणून पोहण्याच्या क्लासला तिचं नाव मीच घातलं. चांगुलपणा नडतो.

संकल्प : तिला फोन नाही. पहाटे साडेपाचला उठणे. घर आरशासारखं ठेवणे.
(आज सातला उठलो. सोमवार धरायचा नाही.)

५ मार्च
त्या माणसाचं नाव या वहीत येणार नाही. बेडूक. कायम ओलसर. पायाची नखं पिवळी. क्लासला सोडायला गेलो होतो तेव्हाच पाहिली होती. क्लोरीनचा तो वास महिनाभर आमच्या टॉवेलला येत होता. मला वाटलं, साबण बदलला. शिसारी येते.

तिचा कुठलाही देव एकवीस दिवसांवर टिकलेला नाही. म्हणजे तेवीस तारखेला बेडकाचा राक्षस होणार आणि ही दार वाजवणार. मी लगेच उघडणार नाही. दहापर्यंत मोजेन.
पाचपर्यंत पुरे.

९ मार्च, दुपार
लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, उत्तम. बारा वर्षं लोकांच्या तोंडांचे साचे हाताळतोय, पण आज पहिल्यांदा हातमोज्यांवर हातमोजे चढवले. माणसाचं तोंड म्हणजे घाण. आणि याच तोंडांनी लोक एकमेकांना... जाऊ दे.

तिला फोन केला नाही. मिस्ड कॉल दिला. तो फोन नव्हे. चार दिले.

१३ मार्च
ताई आली. दारातच नाकाला रुमाल. घर आहे का उकिरडा, म्हणाली. सिंकमधल्या पातेल्यावर हिरवी लव आली होती. मी समजावलं, इतकी वर्षं आजारी माणसाबरोबर काढल्यावर घराची अशीच दशा होते. तर म्हणते, ही लव तिने लावली का?

मग विचारलं, ती रडायला लागली की तू काय करायचास? म्हटलं, शांत राहायचो. एक शब्द उलट बोललो नाही. हेडफोन लावून बसायचो.
ताईने पातेलं जरा जास्तच जोरात घासलं. तिला मानसशास्त्र कळत नाही.

१७ मार्च, रविवार. दुपारी ४
तलावावर गेलो. व्यायामासाठी. दुसरा काही हेतू नव्हता.

बेडूक होता. खांद्यांवरसुद्धा केस. मला पोहता येत नाही हे त्याला कळू नये म्हणून थेट खोल बाजूला उतरलो. पुढचं नीट आठवत नाही. त्याने हनुवटीखाली हात घालून ओढत बाहेर काढलं. माझा गाल त्याच्या ओल्या छातीला लागला. घरी येऊन तीनदा साबण लावला, तरी जात नाही.

काठावर मी खोकत असताना म्हणाला, सर, आधी श्वास सोडा, मग घ्या. मला शिकवतो! मी म्हटलं, तिचा आजार तुम्हाला झेपायचा नाही. म्हणाला, मंगळवारी आणि गुरुवारी ती थेरपीला जाते, तेव्हा मी बाहेर बसतो. मी कधी गेलो नव्हतो. लॅब असायची. शिवाय बाहेर बसण्यात कसला मोठेपणा? बाकडं असतंच तिथे.

२३ मार्च, शनिवार
साडेपाचला उठलो. दाढी. इस्त्रीचा शर्ट. सिंक रिकामं. नऊपासून हॉलमध्ये बसून होतो.

अकराला फोन आला. तिचाच. आवाज साधा, आपण कुणाची चौकशी करतो तसा. तू बुडत होतास म्हणे, बरा आहेस ना? म्हटलं, मजेत आहे. मग राहवेना. विचारलं, तो राक्षस झाला का? म्हणाली, झाला. परवा. मीच खूप ओरडले, कप फोडला, त्याला निघून जा म्हणाले.
मी उभाच राहिलो. म्हटलं, मग?
मग काही नाही. त्याने काचा उचलल्या. म्हणाला, चल, जरा चालून येऊ. आलो चालून.
कुठपर्यंत, मी विचारलं. म्हणाली, कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानापर्यंत.
काळजी घे म्हणाली आणि ठेवला.

आमच्या कोपऱ्यावरही भाजीचं दुकान आहे. जाऊन पाहिलं. जाऊन-येऊन नऊ मिनिटं लागतात.