फायटरले काय द्यावं

८ सप्टेंबर, सोमवार
फायटर आजही उपाशी. दाणा तोंडात घेतो अन् थू करून टाकतो. तो खात नाही म्हणून आमचे हेही खात नाहीत. लकव्याचा झटका आल्यापासून यायचं बोलणं गेलं, उजवा हात गेला. दिवसभर खुर्चीत बसून त्या काचेच्या टाकीकडं पाहत राह्यतात, जेवणही टाकीसमोरच. लेकीनं, पल्लवीनं, जालन्याहून आणून दिला हा निळा फायटर मासा, बापाचा जीव रमावा म्हणून. मागच्या आठवड्यापर्यंत दोघंही नीट जेवत होते. तिनं दिलेला माशाच्या दाण्याचा डबा संपला, मी इथल्या दुकानातून दुसरा आणला, तवापासून हे असं. आज यायनं अर्ध्या भाकरीवरच ताट सरकवलं.
डॉक्टर म्हणतो, वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी टाकावी लागन. माह्या घरात नळी येणार नाही. माशाचं तोंड उघडलं की यायचंही उघडते. पाहतेच मी.

९ सप्टें.
मुरमुरे टाकले. ढुंकून पाह्यलं नाही. पोळीचा कुस्करा, मग उकडलेल्या अंड्याचा बलक. पाणी ताकासारखं झालं. पल्लवी फोनवर ओरडली, "आई, मासा हाय का पाहुणा? काहीही वाढून राह्यली!"
म्हटलं, तुह्या बापालेही मीच सांभाळून राह्यली, मले शिकवू नको.
पाणी बदललं. कंबर गेली.

१२ सप्टें., शुक्र.
कोरडा दिवस. गल्लीत घरोघर फिरून साठवलेलं पाणी ओतायले लावलं, म्हणजे डासाच्या अळ्या मरतात. आरोग्य खात्यातलं माहं कामच ते. नळ कधी येईन त्याचा भरवसा नाही, लोक बिचारे ड्रम भरून ठेवतात. शेजारच्या शोभाताईच्या रांजणात तर अळ्याच अळ्या, नुसत्या वळवळत होत्या. ओता म्हणणार, तेवढ्यात डोकं चाललं. डबक्यात आम्ही गप्पी मासे सोडतो, ते अळ्या खायलेच ना? मग आमचा फायटर काय आभाळातून पडला?
बाटली भरून घेतली. शोभाताई म्हणे, "तपासायले नेता का मॅडम?" म्हटलं, हाव.
काय तुटून पडला म्हणता! एकेक अळी पाठलाग करून गट्टम. यायचे डोळे लकाकले. फिरण्यात उशीर झाला होता, भाकरी टाकायले टाइमच नव्हता, सकाळचा वरणभात कालवून दिला. सगळा संपवला. सगळा!
पल्लवीले फोन करून ऐकवलं. करायलेच पाह्यजे होतं.

१५ सप्टें.
बाटली संपली. गल्लीत अळी नाही, मीच सगळं ओतून कोरडं करून ठेवलेलं. असं काम करावं माणसानं!
गच्चीवर जुनी बादली ठेवली. कडेले डासाची अंडी चिकटलेली होतीच, पाणी भरलं की अळ्या; डास होऊन उडू नयेत म्हणून वर जाळी. हे पुन्हा अर्ध्या भाकरीवर. अळ्या मोठ्या होईपर्यंत, आठवडाभराचाच प्रश्न आहे.

१९ सप्टें., शुक्र.
जाळी वाऱ्यानं उडालेली. मी पाह्यलीच नाही. शोभाताई कपडे वाळू घालायले तिच्या गच्चीवर चढली अन् तिथूनच, सगळ्या गल्लीले ऐकू जाईन असं: "मॅडम, आम्हाले दर शुक्रवारी ओतायले लावता, अन् तुमच्या घरी पैदास? माह्या सासूले कालपासून ताप हाय!"
फायटरले दोन दिवस पुरतील एवढ्या अळ्या होत्या. तिच्यासमोर बादली तापल्या गच्चीवर उपडी केली. सासूले घेऊन स्वतः दवाखान्यात गेली. रक्त घेतलं, रिपोर्ट यायचाय. रांगेत शोभाताई माह्याकडं पाठ करून उभी राह्यली. मले लाज वाटली, खरंच वाटली.
घरी हे ताटाकडं पाहत नव्हते.

२० सप्टें.
आज सुट्टी. टाकीसमोर यायच्या शेजारी बसली अन् पहिल्यांदा माशाकडं नीट पाह्यलं. तोंड केवढुसं! तेही वरच्या बाजूले वळलेलं. म्हणजे हा वरून टिपणारा. अन् मी दिलेला दाणा टपोरा, पडला की सरळ तळाले. डबा उलटून पाह्यला तर चित्र गोल्डफिशचं. दुकानदारानं विचारलं होतं, मासा कोणता? मी म्हटलं होतं, मासा तो मासा, द्या चांगला मोठा डबा.
पल्लवीले फोन. हसली खूप. फायटरचा बारीक दाणा तिनं संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिला; हे एसटीत होते तवाचा, यायच्याच डेपोतला जुना दोस्त. त्यानं घरी आणून दिला, यायचा हात धरून बसला जरासा.

२१ सप्टें., रवि.
खाल्लं! दाणा वरच तरंगतो, हा खालून येतो, टिपतो. थू नाही, काही नाही. शोभाताईच्या सासूचा रिपोर्टही चांगला आला, साधा ताप. मी जिंकली म्हणून गरम भाकर, वांग्याची भाजी केली यायच्यासाठी.
दोन घास. ताट सरकवलं.
मासा तर खाऊन राह्यला होता समोर. मग आता काऊन?

२२ सप्टें.
सकाळी तोंड धुऊन देताना उजव्या गालात बोट घातलं. कालची भाकर. तशीच्या तशी, गोळा होऊन बसलेली.
म्हणजे माशाचं काहीच नव्हतं. गिळताच येत नाही यायले. वरणभात मऊ होता, गेला. ताकद यावी म्हणून खिचडी बंद करून भाकर सुरू केली ती मीच, माशाचा डबा बदलला त्याच आठवड्यात. अन् पाणी पिताना ठसका लागायचा तर म्हणायची, हळू प्या ना!
गावभर घरोघर सांगत फिरते मी. माशाच्या तोंडात डोकावली, नवऱ्याच्या नाही.
न्हाणीत जाऊन रडली. मग तोंड धुतलं अन् डॉक्टरले फोन केला. उद्या या म्हणे, गिळणं तपासू, वजन करू. नळीचं विचारलं. उद्या पाहू म्हणे. पाहा म्हटलं, मीही पाहते.

२२, संध्याकाळ
वरणात भात घोटून घट्ट केला. खुर्ची टाकीकडून माह्याकडं फिरवली. ताठ बसवलं. लहान चमचा, डाव्या गालात. एक घास. नरड्याकडं पाहत राह्यली. गेला. ठसका नाही. दुसरा. तिसरा. चौथ्याले तोंड मिटलं. पोट भरलं, थकले, का माह्यावर भरवसा राह्यला नाही, कळेना. सांगतील कसे.
चमचा खाली ठेवला नाही. यायनं डावा हात उचलून माह्या मनगटावर ठेवला. ढकलला नाही, ओढलाही नाही.
मी घाई केली नाही.