बांगडीवाल्याच्या बायकोचा हात

आई, आता माझं वय तुझ्यापेक्षा जास्त झालं, तरी तुझ्यावरचा राग काही गेला नाही. तो एकदा नीट लिहून काढावा म्हणून बसले आहे.

साताऱ्यातलं आपलं बांगड्यांचं दुकान आप्पांच्या नावाचं, पण बायका यायच्या त्या तुझ्याकडे. तू समोरचीचा हात हातात घ्यायचीस, अंगठ्याखालचं हाड हळूच दाबायचीस आणि बोलता बोलता बांगडी मनगटात गेलेली असायची. जुन्या उतरवताना एक मागं ठेवायचीस, नवी चढली की मगच ती काढायचीस. आपल्या दुकानात सवाष्णीचा हात क्षणभरही मोकळा राहायचा नाही, हा तुझा नेम. लहानपणी मला त्याचं फार कौतुक होतं.

ती लग्नसराई मात्र मी विसरत नाही. साठ सालानंतरची, मी तेव्हा चौथीत होते. एका नवरीच्या हातात तंग बांगडी भरताना ती फुटली, तुझ्या भाषेत वाढली, आणि काच तुझ्या तळव्यात गेली. हळद दाबून तू पुढचीचा हात घेतलास. दोन-तीन दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला आणि तुझ्याच हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या. डॉक्टर सकाळीच घरी आले, जांभळी पडलेली बोटं बघून म्हणाले, ‘बांगड्या आत्ता फोडा आणि दवाखान्यात आणा. वाट बघू नका.’ आप्पांनी एकेक करून फोडल्या. शेवटची राहिली तेव्हा तू हात मागं ओढलास.

‘आधी नवी भरा, मग ही वाढवा.’

‘अगं, एवढ्या सुजलेल्या हातात जाईल अशी दुकानात न्हाई.’

‘मग आणा.’

‘तवर दोरा बांधतो. दोरा चालतो की.’

‘बांगडीवाल्याच्या बायकोच्या हातात दोरा? पेठेतल्या बायका काय म्हणतील? आवं, तुमी सांगलीला जावा. तिथल्या व्यापाऱ्याकडं मोठ्या मापाची मिळंल.’

आणि आप्पा गेले. तुझ्या शब्दाबाहेर ते कधीच नव्हते, पण त्या दिवशी असायला हवे होते. मिळाली ती पहिली एसटी धरून ते सांगलीला निघाले आणि मी तुझ्या उशाशी बसले. पक्कड तिथंच कोनाड्यात होती. मी उठून ती घेतली, तर तू म्हणालीस, ‘हात लावलास तर बघ.’ दुपारनंतर बोटं गार पडायला लागली. मी ती दोन्ही हातांत धरून चोळते आहे, बाहेर एसटीचा आवाज आला की दाराशी धावते आहे, परत येते आहे. तू तापात बरळायला लागलीस. ‘हात सैल सोड, बाई, घाबरू नको,’ असं त्या नवरीला सांगत होतीस आणि स्वतःचा हात छातीशी घट्ट धरून होतीस.

आप्पा दिवेलागणीला आले. नवी बांगडी हातात गेली, मग जुनी फुटली. तू डोळे उघडून बघितलंस. ‘बरी हाय. रंग जरा फिका हाय,’ म्हणालीस. तोवर विष अंगात भिनलं होतं. दवाखान्यातून तू परत आलीस ती त्याच बांगडीसकट, चौघांच्या खांद्यावर जाण्यासाठी. आप्पा पुढं पुष्कळ जगले, पण कुणाच्या हातात बांगडी भरली नाही. ‘सकाळीच फोडाय पायजे होती,’ एवढंच अधूनमधून म्हणायचे. काचेच्या एका बांगडीपायी तू आम्हाला टाकून गेलीस, हे मी तुला माफ केलेलं नाही.

मी लग्न होऊन सांगलीतच आले. गेल्या महिन्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. नर्स म्हणाली, ‘मावशी, बांगड्या काढा सगळ्या.’ मी भराभर काढल्या, दोन्ही हातांतल्या एकेक राहीपर्यंत. मग हात थांबला. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मी साडीच्या काठातले दोन धागे ओढले, दोन्ही मनगटांना बांधले, आणि मगच शेवटच्या दोन उतरवल्या. धागा बांधताना मला ऑपरेशनची नाही, तुझी भीती वाटत होती.