तीस आकडे

मंगळवार, १२ मार्च

प्रिय टिल्ल्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला आता मी घरातलंच माणूस धरते. तुझी करंगळी कशी आहे? शेक देतोस, की नुसतंच "देतो गं, देतो"?

आज कपाट आवरताना शाळेचे मोजे आठवले. आदल्या संध्याकाळी धुतलेले, सकाळी ओलेच. तू अ‍ॅम्प चालू करायचास आणि मी त्याच्या उघड्या पाठीमागे मोजे धरून उभी राहायची. आत व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी व्हायचे, तापल्या धुळीचा वास सुटायचा. ते तापेपर्यंत गिटारची तार छेडायची नाही असा तुझा नियम. तीस आकडे म्हणायचे, तेही मी, कारण माझे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेले. सव्विसाव्यालाच तुझी बोटं चुळबुळायला लागायची. "मडम, गाडी जरा पळवा, मोजे करपले!" बाबा आतून ओरडायचे, "आधी शाळेत जा दोघं!"

आता तुझा नकल्या बटण दाबताच तयार असतो. पुस्तकाएवढा डबा, आणि शंभर जुन्या अ‍ॅम्पचे आवाज काढतो. तरी तुझ्या तक्रारी संपत नाहीत आणि त्या इंग्रजीत कंपनीला कळवण्याचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडे. "तू कॉन्व्हेंटची, तू लिही." तुझे कागद मी सगळे जपून ठेवलेत. पडद्यावरची अक्षरं मोठी करा, आम्ही म्हातारे झालो. दहा पानं उलटायला लावू नका, फिरवायला साधे खुंटे द्या. एका आवाजातून दुसऱ्यात जाताना मध्ये खड्डा पडतो, तो बुजवा. नवी सुधारणा पाठवाल तेव्हा मी जमवून ठेवलेले आवाज बदलू नका. आवाज लहान केला तरी छातीला जाणवला पाहिजे. आणि दर वेळी अधोरेखित केलेलं: हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर फाटलेला, आणि त्या दोहोंच्या मधलं सगळं बोटांच्या ताब्यात हवं.

त्याखाली तू आणखी एक ओळ लिहायचास. "आमच्या घरच्या जुन्या अ‍ॅम्पसारखं."

ती ओळ मी मुद्दाम कधी पाठवली नाही. तुला म्हणायची, कंपनीला तुझ्या घराशी काय करायचंय? एकदा तर तू लिहिलंस की यंत्राला तापायला थोडा वेळ लागू दे. ते इंजिनिअर हसतील म्हणून मी गाळलं, असं तुला सांगितलं. खरं तर ते वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

सिस्टर म्हणायच्या, पत्राचं कारण दुसऱ्या परिच्छेदात आलं पाहिजे. मी सहाव्यापर्यंत लांबवलं. आता लिहिते.

अ‍ॅम्प भंगारात गेला नाही. तो माझ्याकडे आहे, माळ्यावरच्या खोक्यात.

बाबा अंथरुणाला खिळून चार महिने झाले होते. आई नव्हतीच. तुझ्याबरोबर वाजवणाऱ्या त्या तिघा मित्रांचा सहा महिन्यांचा दौरा ठरला होता, तूही जाणार होतास आणि नेमका अ‍ॅम्प बंद पडला. तू कामावर होतास म्हणून रेडिओवाल्या काकांकडून तो आणायला मी गेले. दुरुस्त झाला होता. काकांनी चालू करून दाखवला. मी मनात तीस आकडे म्हटले, तिसाव्याला तो गुणगुणला. तिथे स्टुलावर बसल्या बसल्या मला दिसलं, उद्यापासून बाबांना उठवून बसवायला मी एकटी. तुझा हात त्यांच्या पाठीमागे नाही. मी तेवीस वर्षांची होते रे. फार घाबरले.

मी काकांना म्हटलं, "तो विचारायला आला तर ट्रान्सफॉर्मर जळला म्हणून सांगाल?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पोरी, यंत्राबद्दल मी खोटं सांगत नाही. पण कुणी विचारलंच नाही, तर आपण होऊन सांगायलाही जाणार नाही."

अ‍ॅम्प मी आधी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी नेऊन ठेवला आणि तुला सांगितलं, जळला, भंगारवाल्याला दिला. तू एवढंच म्हणालास, "स्पीकरवरचं कापड तरी काढून ठेवायचंस." काकांचं दुकान चार घरं सोडून होतं. तू विचारायला गेलाच नाहीस. ताईनं सांगितलं म्हणजे झालं.

स्वतःचा अ‍ॅम्प नाही म्हणून त्या तिघांनी दुसऱ्याला नेलं. तू वाद्यांच्या दुकानात लागलास आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांना अ‍ॅम्प निवडून दिलेस. बाबा गेले तेव्हा सांगायला हवं होतं. तुझं लग्न ठरलं तेव्हा. भाची झाली तेव्हा. दर वेळी वाटलं, आता तो सुखात आहे, कशाला? हे मी तुझ्या सुखासाठी म्हणत नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

एवढंच असतं तरी कदाचित हा कागद लिहिला नसता. गेल्या महिन्यात मी पुन्हा तेच केलं. एका पत्रात तुझी ती ओळ चुकून जशीच्या तशी गेली आणि कंपनीच्या इंजिनिअर बाईंचं उत्तर आलं. लिहितात, बोटांबद्दल इतकं नेमकं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. काही जुने अ‍ॅम्प आणून, समोर वाजवून घेऊन, त्यांची प्रत्येक सवय त्या यंत्रात उतरवणार आहेत. तुम्ही म्हणता तो अ‍ॅम्प अजून आहे का?

दहा मिनिटांत मी उत्तर दिलं. तो आता अस्तित्वात नाही, कळवण्यास खेद वाटतो. एकही चूक नसलेलं इंग्रजी. खाली तुझं नाव.

तुला यातलं काही सांगितलं नाही. आणि मागच्या आठवड्यात तू आलास, करंगळी दाखवलीस, म्हणालास, "ही आता सरळच होत नाही गं, वर्षभरात गिटार भिंतीवर." 

काल मी बाईंना पुन्हा लिहिलं. अ‍ॅम्प आहे, मागचं उत्तर माझं होतं, माझ्या भावाचं नव्हे. त्यांनी लगेच उत्तर देऊन या महिन्याअखेरपर्यंत आपल्यासाठी जागा राखून ठेवली आहे. वाजवायला माणूस लागेल, ज्याला तो अ‍ॅम्प आतून माहीत आहे असा. जायचं की नाही, ते तू ठरव.

रविवारी तू माझं सामान तुमच्या घरी हलवायला येणार आणि माळ्यावरचा खोका तुझ्याच हाती लागणार. त्या भीतीनंही मी हे लिहिते आहे. ती भीती नसती तर लिहिलं असतं का, मला सांगता येत नाही.

नव्या खोलीत माझं फारसं मावणार नाही. म्हणून:

शिलाई मशीन तुझ्या बायकोला. ती मागायची नाही, तूच उचलून ने.

शब्दकोश आणि टाइपरायटर भाचीला. यापुढे तुझी पत्रं तिनं लिहावीत, एकही ओळ न गाळता.

तुझे सगळे कागद निळ्या फायलीत आहेत. ते तुझे तुला.

माळ्यावरचा खोका फक्त तुझा. एकट्यानं उचलू नकोस. आणि लगेच वीज जोडू नकोस, इतकी वर्षं तो बंद आहे. काकांची मुलगी आता दुकान चालवते. आधी तिला दाखव. या वेळी तू स्वतः जा, आणि हवं ते विचार. काकांनी तिला काय सांगितलं असेल, मला माहीत नाही.

तिनं ठीक आहे म्हटलं की चालू कर. तीस आकडे म्हण, सव्विसाव्याला थांबू नकोस. मला हाक मारायची की नाही, ते तीस झाल्यावर ठरव. मी शेजारच्या खोलीत असेन.

इतकी वर्षं तू जिच्यावर विश्वास ठेवलास ती,
ताई